दोन नाकांचा अर्धा डॉलर

मित्रांनो, मी एक जुना अर्धा डॉलर आहे. अमेरिकेचा, चांदीचा, सन अठराशे सहाचा. एवढं वाचून तुमच्यापैकी कोणीतरी लगेच विचारेल, "कशावरून?" विचारा, खुशाल विचारा. दोनशे वर्षांत मी ज्याच्या ज्याच्या हातात पडलो त्याने पहिला प्रश्न हाच विचारला आहे. रोज कोणी ना कोणी तुमच्याकडे डोळे बारीक करून पाहू लागलं, तर तुमचाही स्वभाव माझ्यासारखा संशयी होईल. आत्तासुद्धा, तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात की माझी किंमत काढायला, याची मला खात्री नाही. तरी सांगतो.

माझा जन्म फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत झाला. तेव्हा वाफेची यंत्रं नव्हती. दोन धट्टेकट्टे कामगार एक लांब दांडा जोर लावून फिरवायचे, वरचा साचा खाली यायचा आणि चांदीच्या चकतीवर ठसा उमटायचा. तिसरा माणूस साच्यासमोर बसून चकती ठेवायचा आणि तयार नाणं बोटांनी बाजूला सारायचा. माझ्या वेळी त्याचं लक्ष कुठे होतं, देव जाणे. मी साच्यातून बाहेर पडलोच नाही, नुसता जरासा सरकलो, आणि माझ्यावर दुसरा ठोका बसला. माझ्यावर स्वातंत्र्यदेवीचं चित्र आहे. त्या दिवसापासून तिला दोन नाकं आहेत, दोन हनुवट्या आहेत आणि सालातला सहाचा आकडाही जोडीने उभा आहे. मला परत वितळवायला हवं होतं. पण घाई होती. मी पोत्यात पडलो आणि बाजारात आलो.

बाजारात माझे फार हाल झाले. पाववाला मला हातात घ्यायचा, बाईची दोन नाकं बघायचा आणि स्वतःचं एकुलतं एक नाक मुरडायचा. कोणी दाताने चावून पाहिलं. कोणी फळीवर आपटून कान दिला. माझा आवाज खणखणीत होता, पण एकदा मनात संशय शिरला की माणसाला खणखणीत आवाजही बद्द ऐकू येतो. त्या काळी खोटी नाणी दुकानाच्या फळीवर खिळ्याने ठोकून ठेवायची पद्धत होती, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावीत म्हणून. एका दुकानदाराने माझ्यासाठी खिळा आणि हातोडी काढलीसुद्धा होती. त्याची बायको म्हणाली, आधी तराजूत घालून बघा. वजन बरोबर भरलं, म्हणून मी वाचलो. माझ्या अंगावर भोक नाही ते त्या बाईमुळे, तिचं नाव मात्र मला कधी कळलं नाही.

पुढे एका सोनं शोधणाऱ्याच्या खिशातून मी समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटला आलो. त्याला सोनं फारसं मिळालं नाही. मी त्याच्या लेकीकडे राहिलो, मग तिच्या लेकीकडे, आणि शेवटी एका पत्र्याच्या डब्यात बटनांबरोबर जाऊन पडलो. तिथे शंभरावर वर्षं गेली. बटनं स्वभावाने बरी. चार भोकं आणि स्वच्छ मन, कोणाचा संशय नाही की कोणाची चौकशी नाही. माझी चांदी हळूहळू काळी पडत गेली, कडेला निळसर-जांभळी झाक आली. माझी समजूत होती की मी कुरूप होत चाललो आहे.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात त्या घरातलं सामान विकायला काढलं, तेव्हा दोन मराठी तरुण तिथे आले. एक उल्हास आणि दुसरा नचिकेत. दोघं मेलबर्नच्या क्लेटन भागात विद्यार्थी म्हणून आले तेव्हा एका खोलीत राहायचे आणि एकाच कुकरमध्ये भात लावायचे. आता दोघंही इथे कायमचे झाले होते. उल्हास शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रुगानिनात घर घेऊन बायकोबरोबर राहत होता आणि कॉम्प्युटरचं काम करत होता. नचिकेत अजून क्लेटनलाच एकटा होता आणि विमानतळावर नोकरी करत होता. नाण्यांचा नाद नचिकेतचा, तो त्याने उल्हासलाही लावला होता. विशेषतः टांकसाळीच्या चुका असलेल्या नाण्यांचा. ज्या चुकीपायी मला खिळा ठोकायला निघाले होते, त्याच चुकीपायी हे लोक मला डोक्यावर घ्यायला तयार होते. मला त्यांचाही संशयच आला.

डब्यात हात घातला तो नचिकेतने. मला त्याने दोन बोटांत, कडेला धरून उचललं. नाणं कसं धरावं हे कळणारा माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस. मला उजेडात तिरकं करून तो काही क्षण नुसता पाहत राहिला. मग मला परत बटनांत ठेवून शेजारी उभ्या उल्हासला अगदी हळू म्हणाला, "हा डबा तू घे. काही बोलू नकोस, नुसता घे." त्याला स्वतःला घेता आला असता. उल्हास वळून दुसरं काही बघत होता, त्याला पत्ताही लागला नसता. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण उल्हास पुढे नेमकं हेच विसरला.

घरी आल्यावर उल्हासला भीती वाटू लागली. नचिकेतने त्याला सांगितलं की अमेरिकेला पाठवून मी खरा असल्याचा दाखला आणावा लागेल. तोपर्यंत मी घरात आहे हे कोणाला कळू नये, असं त्याने ठरवलं. बायकोला, वीणाला, त्याने काही सांगितलं नाही. जानेवारीत चिंचवडहून त्याची आई श्यामलाबाई तीन महिन्यांसाठी आल्या, त्यांना तर मुळीच नाही. आई फोनवर मोठ्याने बोलते, असं त्याचं म्हणणं. नाणं हा शब्दच त्याने टाकून दिला. फोनवर नचिकेतशी बोलताना तो मला 'पीस' म्हणायचा. नाणेवाले तसं म्हणतातच. आणि चोराला कधी सुचणार नाही अशी जागा म्हणून त्याने मला एका कागदी पाकिटात घालून देवघराच्या खालच्या खणात ठेवलं, वाती आणि कापराच्या मागे.

मग मार्चमध्ये करोना आला. विमानं बंद झाली. अमेरिकेला जाणारं टपाल रखडलं. श्यामलाबाईंचं परतीचं तिकीट रद्द झालं आणि त्या ट्रुगानिनातच अडकल्या. नचिकेतची विमानतळावरची नोकरी गेली. तो लोकांच्या दारात जेवणाची पार्सलं पोचवू लागला. माणसं एकमेकांपासून दीड मीटर लांब उभी राहून एकमेकांकडे मी ओळखतो त्या नजरेने पाहू लागली. हिला खोकला तर नाही ना, हा आजारी तर नाही ना. मला वाटलं, चला, आता सगळ्यांनाच कळेल नाणं असणं म्हणजे काय असतं.

जूनमध्ये थोडे दिवस मोकळीक मिळाली तेव्हा नचिकेत एकदा दुपारचा आला. वीणा कामावर होती. ती वृद्धांच्या निवासात नर्स आहे, त्या दिवसांत तिच्या शिफ्टला अंत नसायचा. श्यामलाबाई वर झोपल्या होत्या. नचिकेतने आपल्या लेन्सखाली मला अर्धा तास पाहिलं, काठावरची अक्षरं वाचली आणि सांगितलं, शंकाच नको. मग त्याने मला पाकिटात घातलं आणि पाकीट उल्हासच्या हातात दिलं. उल्हासच्या हातात, मित्रांनो. तिथून मी परत देवघराच्या खणात गेलो. हे मी शपथेवर सांगतो, पण शपथ घ्यायला मला कोणी बोलावलंच नाही.

जुलैत पुन्हा सगळं बंद झालं. ऑगस्टमध्ये तर घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आली. आणि त्याच ऑगस्टमध्ये गणपती आले.

श्यामलाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चित्रकलेच्या सामानातली माती मागवून हातांनी मूर्ती केली. आंब्याची पानं नव्हती, तर मागच्या अंगणातल्या लिंबाची पानं काढली. गुरुजी एकाच वेळी सात घरांत झूमवरून पूजा सांगणार होते. तयारी करता करता कलशात घालायला नाणं हवं म्हणून बाईंनी देवघराचा खण उघडला. वातींच्या मागे पाकीट, पाकिटात काळं पडलेलं चांदीचं नाणं. मुलाने पूजेसाठीच आणून ठेवलंय, असंच त्यांना वाटलं. देवघराच्या खणात दुसरं कशाचं नाणं असणार? त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

पण काळं नाणं देवाला कसं द्यायचं? बाईंनी टूथपावडर घेतली. ओल्या फडक्यावर टाकली आणि मला घासायला सुरुवात केली. आधी बोटाने, मग जुन्या ब्रशने. दोनशे वर्षांत माझ्या अंगावर साठलेली निळी-जांभळी साय पाच मिनिटांत मोरीत वाहून गेली. नाणेवाले त्या काळेपणावरच जीव टाकतात, हे मला तोवर नचिकेतच्या बोलण्यातून कळलं होतं. मला दाताने चावलं होतं, आपटलं होतं, पण इतकं कधी दुखलं नव्हतं. बाई मात्र मला पुसून म्हणाल्या, "बघ कसं लख्ख झालं." त्यांनी मला प्रसादासारखं कपाळाला लावलं. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? नाकं दोन आहेत हे त्यांना चष्म्याशिवाय दिसलंही नाही.

मी तांब्याच्या कलशात, पाण्यात गेलो. माझ्यावर सुपारी, दूर्वा, वर लिंबाची पानं आणि नारळ. समोर पाटावर उल्हास सोवळं नेसून बसला होता. गुरुजी लॅपटॉपमधून सांगत होते आणि उल्हास त्याच कलशाला गंध-फूल वाहत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी या घरातच शिकलो. पण ज्याच्यासाठी पुढे गावाला वळसा पडला तोच कळशात बसलेला असण्याचा प्रसंग माझ्याशिवाय कोणावर आला नसेल.

दीड दिवसाने अंगणात बादलीत विसर्जन झालं. थंड वारा सुटला होता, बाईंची पाठ दुखत होती. त्यांनी कलशही बादलीतच उपडा केला आणि ते सगळं मातीचं पाणी लिंबाच्या झाडाखाली ओतलं. नाणंही गेलं हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. देवाला दिलेलं परत मागू नये, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. मी बोटभर मातीखाली होतो.

सप्टेंबरमध्ये टपाल हळूहळू सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा उल्हासने खण उघडला. पाकीट नव्हतं. त्याने वाती उपसल्या, कापराची डबी उपडी केली, देवही हलवून पाहिले. शेवटी आईला विचारलं. पण काय विचारलं, ते ऐका. तो म्हणाला, "आई, इथे माझा एक पीस होता. पाकिटात. पाहिलास का?"

श्यामलाबाईंनी तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं. त्यांच्या जगात पीस एकच, ब्लाउजपीस.

"देवघरात कसला पीस? कपाटात बघ."

"कपाटात नाही गं. इथेच होता."

"कसा होता?"

"काळपट. चांदीची झाक होती. फार जुना होता, तसा आता मिळणार नाही."

"अरे, काळ्यावर चांदीचे काठ तुळशीबागेत ढिगाने मिळतात. त्याचं एवढं काय?"

उल्हास इतका चिडला की बोलणं तिथेच थांबलं. खरं तर तिथेच सुरू व्हायला हवं होतं. त्याने फक्त एक शब्द बदलला असता, तर बाईंनी त्याला हाताला धरून लिंबाखाली आणलं असतं. पण ज्याच्या मनात संशय असतो तो उत्तर शोधत नाही, चोर शोधतो. आणि चोर त्याला तोपर्यंत सापडलाही होता.

उल्हास घरूनच काम करायचा. वीणा शिफ्ट करून आली की झोपायची, म्हणून त्याचे खासगी फोन अंगणात चालायचे. बोलता बोलता तो लिंबाच्या झाडाभोवती फेऱ्या मारायचा, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. कधी कधी त्याची चप्पल माझ्या डोक्यावरूनच जायची.

नचिकेतला त्याने सरळ विचारलं, "नच्या, पीस कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडे."

"नाटक नको यार. तुझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. कोणी हातही लावलेला नाही."

फोन स्पीकरवर होता.  नचिकेत म्हणाला, "येऊन माझी रूम तपास. पण तुला पाच किलोमीटरच्या बाहेर येता येणार नाही, नाही का? मी व्हिडिओवर दाखवू? बॅगा उघडून दाखवू?"

"दाखवणारा माणूस माल तिथे ठेवतो का?" उल्हास म्हणाला.

यानंतर नचिकेत फक्त "ठीक आहे" म्हणाला. मातीत मी ओरडलो असतो, पण आम्हां नाण्यांना आपटल्याशिवाय आवाज नाही.

त्या आठवड्यात उल्हासने मनातल्या मनात सगळा खटला चालवला. त्याची नोकरी गेली आहे, त्याला गरज आहे. बॅलरॅटला हात पहिल्यांदा त्याचाच लागला होता, म्हणजे तेव्हापासून डोळा असणार. स्वतः डबा घेतला नाही, ते उल्हासला पुढे करून पीस नंतर उचलायचा बेत असणार. बघा मित्रांनो, संशयाची कावीळ झाली की असं होतं. त्या माणसाची सर्वांत चांगली गोष्टच पुरावा म्हणून वापरली. मग मेलबर्नमधल्या आपल्या नाणेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने लिहिलं की नचिकेतला घरी बोलावताना सांभाळा, माझा पीस गेला आहे. कोणी पुरावा मागितला नाही. लोकांनी दरवाजे लावूनच घेतले होते, एक आणखी लावला. दोन दिवसांत नचिकेतला ग्रुपमधून काढून टाकलं.

घरात दुसरंच शिजत होतं. नवरा अंगणात जाऊन हलक्या आवाजात पीस, पीस करतो, हे ऐकून वीणाच्या डोक्यात भलतंच काही आलं. एका दुपारी तिने त्याला अंगणातच गाठून विचारलं, "कोण आहे ती?" तेव्हा उल्हासला खरं सांगावं लागलं. वीणा आधी हसली, मग तिला राग आला. इतके महिने मला सांगितलं नाहीस, म्हणजे माझाही संशयच ना, असं तिने विचारलं. आईंना एकदा नीट विचार, असंही ती म्हणाली. उल्हास म्हणाला, आईला सांगितलं की अख्ख्या चिंचवडला कळेल. आणि त्याने विचारलं नाही. नोव्हेंबरात एका खास विमानाने श्यामलाबाई परत गेल्या.

पुढच्या फेब्रुवारीत नचिकेत ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, डार्विनला गेला. तिथल्या एका हॉस्पिटलच्या भांडारात त्याला काम मिळालं होतं. जाण्याआधी त्याने जमवलेली सगळी नाणी विकली. हे वीणाने उल्हासला सांगितलं, त्यावर तो म्हणाला, बघ, पळाला. मला मात्र त्याचा आवाज पूर्वीसारखा ठाम वाटला नाही. मी त्याला दोष देतो खरा, पण खड्ड्यातून मला एक गोष्ट कळत होती. रविवारी त्याचा फोन वाजत नसे. पंधरा वर्षं दर रविवारी नचिकेतचा फोन यायचा.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीला चिंचवडहून पार्सल आलं. चकल्यांच्या डब्याखाली दोन ब्लाउजपीस होते. दोन्ही काळे, चांदीच्या काठाचे. उल्हासने अंगणात बसून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि हे कशाला, असं विचारलं.

"तुझा तो पीस हरवला होता ना," श्यामलाबाई म्हणाल्या. "एक तू ठेव, एक त्या नचिकेतला दे. अंगणातलं तुमचं फोनवरचं भांडण ऐकलं होतं मी. किती चांगला मुलगा होता. ब्लाउजपीसापायी कोणी मैत्री तोडतं का रे?"

 शेजारी वीणा उभी होती, तिने फोन हातात घेतला. पण तिने काही बोलण्याआधी उल्हासच म्हणाला, "आई, तो ब्लाउजपीस नव्हता. नाणं होतं. चांदीचं जुनं नाणं."

"देवघराच्या खणातलं? काळं पडलेलं?" बाई सहज म्हणाल्या. "अरे, ते मी गणपतीत कलशात घातलं होतं. घासूनपुसून घातलं. आपल्या लिंबाखाली गेलं बघ ते, विसर्जनाच्या पाण्याबरोबर."

मला बाहेर काढलं ते वीणाने. उल्हासने घाईघाईने नुसती मुळंच ओरबाडली. टूथपावडरचे बारीक ओरखडे आणि त्यावर मातीचे काळे-पिवळे डाग, असा माझा अवतार झाला होता. उल्हास मला तळहातावर घेऊन मातीतच बसून राहिला. मी सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. त्याला लाज वाटत होती, आणि मला ती पाहून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याने नचिकेतला फोन लावला. नंबर ब्लॉक होता. मग वीणाने आपल्या फोनवरून लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. नचिकेतने ऐकून घेतलं, तिची तब्येत विचारली आणि शिफ्टला जायचंय म्हणून फोन ठेवला. डिसेंबरात तिथल्या राज्याची करोनामुळे बंद असलेली सीमा उघडली, तसा उल्हास मला खिशात घेऊन विमानात बसला. बरोबर आईच्या पार्सलातला एक ब्लाउजपीसही घेतला होता, वीणाने सांगितलं म्हणून.

डार्विनला पावसाळी उकाडा होता. हॉस्पिटलच्या कँटीनबाहेर छपराखाली टेबलं मांडली होती आणि वर पंखे नुसते हवा ढवळत होते. नचिकेत युनिफॉर्ममध्येच आला. तो बारीक झाला होता. उल्हासने टेबलावर रुमाल पसरला आणि त्यावर मला ठेवलं.

नचिकेतने दोन्ही हात पाठीमागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं आणि तसाच वाकून तो माझ्याकडे पाहू लागला. त्याला किती जवळून बघायचं होतं ते मला कळत होतं. त्याचा श्वास माझ्यावर पडत होता.

"उचल ना," उल्हास म्हणाला.

"नको. हात लावला की प्रॉब्लेम होतो." मग त्याने विचारलं, "आईंनी घासला?"

"टूथपावडरने."

"गेला रे हा," नचिकेत म्हणाला. त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. माझ्यासाठी असं कोणाला वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुझ्यासाठी आणलाय. ठेव तुझ्याकडे. प्लीज."

नचिकेत सरळ उभा राहिला. "मी ठेवला तर लोक काय म्हणतील? बघा, शेवटी त्याच्याकडेच निघाला." मग त्याने विचारलं, "ग्रुपवर लिहिलंस?"

 चार तास विमानात बसून उल्हास इथवर आला होता, मला घेऊन आला होता, पण ती एक ओळ त्याने लिहिली नव्हती. मी सापडल्यालाही महिना होऊन गेला होता.

"मग हा कशाला आणलास?" नचिकेतने विचारलं.

उल्हासने तिथेच फोन काढला. लिहिलं, की नचिकेतबद्दल थोडा गैरसमज झाला होता. पाठवण्याआधी त्याने ते नचिकेतला दाखवलं. नचिकेत म्हणाला, "गैरसमज दोघांचा असतो. माझा काही समज नव्हता." उल्हासने ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं: मी नचिकेतवर चोरीचा खोटा आळ घेतला, नाणं माझ्याच घरात होतं, मी घरात नीट विचारलंही नव्हतं. त्याने ते पाठवलं. दोन मिनिटांत पाच जणांचे अंगठे आले. ज्यांनी नचिकेतला काढून टाकलं होतं, त्यांचेच ते अंगठे होते. त्याला परत घेऊ या, असं मात्र कोणी लिहिलं नाही.

नचिकेतने ते सगळं वाचलं. मग ब्लाउजपीसाची पिशवी उचलून काखेत मारली आणि म्हणाला, "हा नेतो. आईंना सांग, मिळाला." तो आत गेला. पुन्हा फोन करीन असं तो म्हणाला नाही, आणि करू नकोस असंही म्हणाला नाही. उल्हासने मला रुमालात गुंडाळून परत खिशात घातलं.

आता मी पुन्हा ट्रुगानिनात आहे, उघड्या कपाटात, सगळ्यांना दिसेल असा. येणारे मला पाहून हळहळतात. दाखल्यासाठी मला कोणी अमेरिकेला पाठवलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, जुनं नाणं सापडलं तर त्याला घासू नका, कडेला धरा, आणि त्याचा काळेपणा त्याच्यापाशी राहू द्या. ही माझी विनंती. पण आणखी एक सांगतो, आणि ते नाण्यांपुरतं नाही. घरातून काही हरवलं, तर त्या वस्तूचं खरं नाव घ्या आणि घरातल्या माणसांना आधी विचारा. "आई, माझं चांदीचं नाणं पाहिलंस का?" एवढंच वाक्य होतं. ते बोलायला उल्हासला चौदा महिने लागले, आणि तोवर नचिकेत चार तासांच्या विमानाच्या अंतरावर, दोन्ही हात पाठीमागे धरायला शिकला होता.